पडद्याच्या काठाची पट्टी

पडदेवाली पहिल्यांदा मंडळाच्या सिनेमाला गेली, ती सिनेमा बघायला गेलीच नव्हती. ती गेली होती सुरकुती बघायला.

त्याचं असं झालं. ती ज्या लॉन्ड्रीत इस्त्री विभागाची मुकादम होती, तिथे दवाखान्यांच्या चादरी यायच्या, हॉटेलांचे टॉवेल यायचे, आणि वर्षातून तीन-चार वेळा एक भलंमोठं पांढरं कापड यायचं. तो होता चित्रपट मंडळाचा पडदा. मंडळाला स्वतःचं थिएटर नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाइपांच्या चौकटीला हा पडदा ताणायचा, समोर साठ खुर्च्या मांडायच्या, की झालं थिएटर. पडद्याची ने-आण करायचे मंडळाचे चिटणीस, गणिताचे एक निवृत्त सर. एकदा ते पडदा घेऊन आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "बाई, रागावू नका, पण मागच्या खेपेला घडीची रेघ बरोबर नायिकेच्या नाकावरून गेली होती. ती बिचारी ढसाढसा रडत होती आणि लोक हसत होते."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवा, रंगरूपाला ठेवा, पण इस्त्रीला नाही. त्या वेळी तिने पडद्याला स्वतः इस्त्री केली, घडी न घालता तो पाइपावर गुंडाळला, स्वतः पोचवला, आणि "आता दाखवा मला घडी" म्हणत शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसली.

घडी दिसली नाही. सिनेमा मात्र दिसला. एका म्हाताऱ्याला भाड्याची खोली सोडायला लावतात, एवढीच गोष्ट. तो कपाटातल्या वस्तू एकेक काढतो, पुसतो, परत कपाटातच ठेवतो. दहा मिनिटं हेच. पुढच्या रांगेतले दोघं जांभया देत उठून गेले. तिला मात्र त्या म्हाताऱ्याचे हात ओळखीचे वाटले. तिच्या वडिलांनीही घर सोडताना असंच केलं होतं, आणि तिने तेव्हा त्यांच्यावर खेकसून सामान भरभर भरलं होतं. ती पदराने डोळे पुसत घरी गेली आणि वाटभर स्वतःवरच चिडचिडली. महिन्याने पुन्हा गेली. अशी सतरा वर्षं गेली.

मंडळात तिला सगळे पडदेवालीच म्हणायचे, आणि लॉन्ड्रीतही हळूहळू तेच नाव चिकटलं. तिची बसायची जागा ठरलेली, शेवटच्या रांगेत दाराजवळ. सिनेमा चालू असताना कोणी उठलं तर ती अशी बघायची की तो माणूस पुढच्या महिन्यात तोंड दाखवायचा नाही. सिनेमा संपल्यावर चर्चा असायची. त्यात प्रकाश, अवकाश, व्यवस्था, शोषण असे शब्द इकडून तिकडे उडायचे. ती त्यात एकदाही बोलली नाही. तिचं मत सरांना जिन्यावर मिळायचं. "ती दाई झालेली बाई होती ना, तिने आयुष्यात कधी टॉवेल पिळलेला नाही." किंवा, "शाळेतून काढलेल्या त्या पोरीचं खरं होतं. दप्तर खुंटीला लावताना तिने बंद दोनदा गुंडाळला. परत काढायचं नाही, हे तिला कळलं होतं." सर म्हणायचे, हे वर का नाही बोललात? ती म्हणायची, "चारचौघांत आपल्याला नाही जमत बाबा."

चारचौघांत ती एकदाच बोलली होती. तीन वर्षांपूर्वी, आणि तेही खोटं.

लॉन्ड्रीत एक मोठा रोलर आहे. तापलेला, माणसाच्या कमरेएवढा जाड. ओलसर चादर एका बाजूने हाताने सरळ करून आत सारायची, दुसरीकडून ती कडक होऊन निघते. जिथे चादर आत जाते तिथे, बोटांच्या बरोबर वर, एक आडवी दांडी असते. दांडीला जरा धक्का लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. दांडी बोटांसाठी आहे. पण जाड शिवणीची चादर आली की तीही दांडीला धक्का मारते, आणि मग रोलर थांबतो, चालू करा, पुन्हा थांबतो. दवाखान्याची गाडी दाराशी उभी असते. अशा वेळी मॅनेजर यायचा, मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "बाई, बघा काहीतरी."

दांडी बांधा, असं तो कधीच म्हणाला नाही. तेवढा तो हुशार होता.

मग पडदेवाली दांडी वर उचलायची आणि वरच्या आकड्याला पट्टीने बांधून टाकायची. ती पट्टीही साधीसुधी नव्हती. एकदा मंडळाच्या पडद्याचा विरलेला काठ सरांनी कापून घेतला होता, त्यातली ती हातभर पट्टी. जाड विणीची, गाठ मारली की घट्ट बसणारी, उष्णतेने न सुटणारी. चांगली वस्तू टाकवत नाही म्हणून तिने खणात ठेवली होती.

तीन वर्षांपूर्वी रोलरवर एक बाई होती. काम करताना गायची, म्हणून तिला सगळ्या गाणारी म्हणायच्या. एका सकाळी गाणं मध्येच थांबलं. त्यानंतर जो आवाज आला तो पडदेवालीला अजून ऐकू यायचा, मुख्यतः सकाळी नळाखाली तोंड धुताना. गाणारीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तिला दवाखान्यात नेलं, आणि कारखान्याचा सरकारी निरीक्षक यायच्या आत पडदेवालीने गाठ सोडली, दांडी खाली आणली, पट्टी एप्रनच्या खिशात घातली. निरीक्षकाने सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दांडी जागेवर होती. तिचंच लक्ष नव्हतं. गात असते ना सारखी." पट्टी पुन्हा खणात गेली. गाणारीचं काम सुटलं, भरपाईही बुडाली. हळूहळू पडदेवालीला स्वतःचं बोलणं खरं वाटायला लागलं. माणूस स्वतःला पटवायला बसला की पटवतोच.

आता त्या रोलरवर तिची भाची होती. धाकट्या बहिणीची मुलगी, एकवीस वर्षांची, तोंडाने अखंड चालू. बहिणीने पाठवताना म्हटलं होतं, "तुझ्या नजरेखाली राहील, म्हणजे मला घोर नाही." त्या शुक्रवारी दवाखान्याच्या नव्या चादरी आल्या, दुहेरी शिवणीच्या. रोलर सकाळपासून इतक्यांदा थांबला की भाची रडकुंडीला आली. मॅनेजर आला. घड्याळ बघितलं. "बाई, बघा काहीतरी."

तिने खण उघडला. हाताला तीच पट्टी लागली.

रविवारी लॉन्ड्री पाचपर्यंत चालायची, पण मुकादमांना दुपारनंतर सुट्टी. तीनला मंडळाचा सिनेमा होता. ती नेहमीसारखी शेवटच्या रांगेत बसली, पडदा नीट ताणलाय ना ते बघितलं, खालचा डावा कोपरा जरा सैल वाटला म्हणून मनात सरांना दोन शब्द सुनावले, आणि दिवे गेले.

सिनेमा कुठल्यातरी लांबच्या देशातला, छोटासाच, जेमतेम पाऊण तासाचा. पुठ्ठ्याच्या कारखान्यात काम करणारी एक बाई. तिचं घर, तिची खोकणारी सासू, तिची कामाची पाळी. अर्ध्या तासात कोणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. मग एक दृश्य आलं. कॅमेरा एका जागी ठेवलेला. ती बाई यंत्रासमोर उभी, आणि ओले पुठ्ठे एकामागून एक दोन रुळांच्या मध्ये सारते आहे. बस. पुठ्ठा उचल, सरळ कर, सार. उचल, सरळ कर, सार.

एक मिनिट झालं, दोन झाली. खुर्च्या करकरायला लागल्या. कोणीतरी खोकलं. पडदेवालीला आधी बरं वाटलं, कारण या बाईला काम येत होतं. मनगट कसं सैल सोडलंय बघा. तिची नजर सवयीने हातांवरून वर गेली.

रुळांच्या वर एक दांडी होती. वर उचललेली. चिंधीने बांधलेली.

पडदेवालीने आजूबाजूला बघितलं. साठ माणसं समोर बघत होती आणि एकालाही ती गाठ दिसत नव्हती. दिग्दर्शकाने ती दाखवलीही नव्हती, म्हणजे बोट ठेवून दाखवली नव्हती. नुसती असू दिली होती, कोपऱ्यात, तीन मिनिटं, चार मिनिटं. ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि ज्याला कळलं त्याला आता खुर्चीत बसवेना.

पडद्यावरची बाई उचलत होती, सरळ करत होती, सारत होती. साडेतीन वाजून गेले होते. म्हणजे आत्ता भाची रोलरवर होती. रविवारी चादरी जास्त, माणसं कमी, आणि शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण, म्हणजे बोलणं चालू, मान वळलेली. ही बाई तरी यंत्राकडे बघत होती. आपली बाई बघणार नाही! तिने पिशवीतून फोन काढला आणि तसाच ठेवला. लॉन्ड्रीत सगळ्यांचे फोन कपाटात बंद ठेवायला लावणारी तीच होती, आणि रविवारी ऑफिसला कुलूप.

पाचवं मिनिट. बाईने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. पडदेवालीच्या तोंडून "अगं" निघालं. पुढचे दोघं वळून बघायला लागले. तिने मनाला समजावून बघितलं. दोन दिवस काही झालं नाही, तर तासाभरात काय होणार आहे? मग तिला आठवलं, गाणारीच्या वेळी पट्टी बांधून अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस काहीही झालं नव्हतं.

ती उठली. सतरा वर्षांत पहिल्यांदा, सिनेमा चालू असताना. खुर्ची धाडकन मागे पडली, सर अंधारात "बाई?" म्हणाले, आणि ती जिना उतरायला लागली.

वाचनालयापासून लॉन्ड्री वीस मिनिटांवर. ती पळाली म्हणायचं, पण पंचावन्नाव्या वर्षी, सुजलेल्या पायांनी, ते पळणं कसलं. कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, "काय झालं मावशी?" तिने नुसता हात हलवला. चौकात गाड्या थांबेनात, तेव्हा ती तशीच मधून गेली आणि एका ड्रायव्हरने तिचा उद्धार केला. रस्ताभर तिच्या डोळ्यांसमोर ते हात होते. उचल, सरळ कर, सार. कुणाचे हात ते तिला आता नीट सांगता आलं नसतं.

मागच्या दारातून ती आत शिरली. वाफेने काही दिसेना. रोलरचा घरघराट चालू होता. चालू होता म्हणजे ठीक होतं. की नव्हतं? गाणारीच्या वेळी तो थांबायला किती वेळ लागला होता, ते तिला माहीत होतं.

भाची दोन्ही हात चादरीवर ठेवून, मान मागे वळवून, मैत्रिणीला काहीतरी सांगत खिदळत होती. चादर आत जात होती. तिच्यामागून हात जात होते, रोजच्या सवयीने, न बघता.

पडदेवाली भिंतीवरच्या लाल बटणावर पडलीच.

रोलर थांबला. भाचीने वळून आपल्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं आणि रोलर यांच्यात एका पेराचं अंतर होतं. तिने हात झटकन मागे घेतले, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच केलं, म्हणजे चिडली.

"काय हे मावशी! केवढी दचकले मी! सहा गठ्ठे राहिलेत अजून, गाडी येईल आता!"

पडदेवालीला धाप लागली होती. तिने गाठ सोडायला हात वर केला, पण दोन दिवसांच्या उष्णतेने घट्ट बसलेली गाठ सुटेना. शेवटी मैत्रिणीने कात्री आणून दिली. पट्टी कापली, दांडी खाली आली.

"आता पुन्हा सारखा थांबणार हा," भाची म्हणाली.

"थांबू दे."

"गाणारीचं झालं म्हणून घाबरतेस का? पण तूच तर सांगितलंस, दांडी जागेवर होती, तिचंच लक्ष नव्हतं."

सात-आठ बायका उभ्या होत्या. चारचौघांच्या दुप्पट.

"मी खोटं बोलले," पडदेवाली म्हणाली. "दांडी बांधलेली होती. मीच बांधली होती. ह्याच पट्टीने."

त्यातल्या दोघी तीन वर्षांपूर्वीही तिथे होत्या. त्या खाली बघत राहिल्या. भाची मावशीच्या हातातल्या पट्टीकडे बघत होती, आणि मग तिने आपले हात एप्रनखाली लपवले. ते बघून पडदेवालीला हुंदका आला, तो तिने आवरला नाही.

सोमवारी मॅनेजरने तिला बोलावलं. "बाई, गाडीला दोन तास उशीर झाला."

"दांडी बांधायची नाही साहेब."

"मी कधी बांधा म्हणालो?"

"नाही म्हणालात. तेच तर."

दुपारपर्यंत तिची मुकादमी गेली आणि तिला मळक्या चादरी निवडायच्या खोलीत बसवलं. तिथे तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान पोरीच्या हाताखाली तिने रक्ताचे डाग वेगळे काढले. राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही.

संध्याकाळी ती गाणारीच्या घरी गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. गाणारीने डाव्या हाताने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. या म्हणाली नाही. पडदेवालीने वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. दांडी, पट्टी, एप्रनचा खिसा, निरीक्षक.

गाणारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगतेस? मी तिथेच होते."

पडदेवालीला वाटलं, जमीन दुभंगावी. इतकी साधी गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नव्हती. ती ज्या गुपिताचं ओझं तीन वर्षं वागवत होती, ते या बाईपासून कधी लपलेलंच नव्हतं.

"मी सांगितलं होतं सगळ्यांना," गाणारी म्हणाली. "दवाखान्यातून सांगितलं, ऑफिसात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मुकादमबाईंचा जबाब आहे. मला नको सांगूस. ज्याला तेव्हा सांगितलंस त्याला सांग." आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. लावलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सर लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी आले. बगलेत पडद्याची गुंडाळी. ती नेहमीच्या टेबलाशी नाही हे बघून ते शोधत शोधत मळक्या चादरींच्या खोलीपर्यंत पोचले होते.

"बाई, तब्येत बरी आहे ना? तुम्ही अशा उठून गेलात, मंडळात दुसरी चर्चाच नाही. आणि नेमक्या कुठे उठलात! तुमच्यामागून दोन मिनिटांत सिनेमा संपला."

"संपला?"

"ती बाई पुठ्ठे सारतेय, सारतेय, आणि एकदम पडदा काळा. नुसता यंत्राचा आवाज. तो चालूच. मग तोही थांबतो. झालं. नावं यायला लागली." सर गुंडाळी खाली ठेवून तावातावाने सांगायला लागले. "तासभर वाद झाला हो! निम्मे म्हणतात, हात गेला म्हणून यंत्र थांबलं. निम्मे म्हणतात, कोणीतरी वेळेवर बंद केलं. अध्यक्ष म्हणाले, ते मुळात प्रतीक आहे. तुमचं काय मत?"

पडदेवालीने गुंडाळीच्या काठावरून बोट फिरवलं. नव्या शिवणीचा काठ, सरळ, जिथून ती पट्टी निघाली होती.

"त्या चिंधीबद्दल कोणी काही बोललं का सर?"

"कुठली चिंधी?"

तिने मान हलवली. एप्रनच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "हे वाचा जरा. रात्री मी एकटीनेच लिहिलंय. चुका असतील तर सांगा."

सरांनी चष्मा लावला. कागद निरीक्षकाच्या नावाने होता. तीन वर्षांपूर्वी मी दिलेला जबाब खोटा आहे, इथून सुरुवात होती. पुढे तारीख, वेळ, यंत्र, दांडी, तिच्या वरचा आकडा. पट्टी सोबत जोडली आहे, असं शेवटी. सर उभ्या उभ्या वाचत गेले. दुसऱ्यांदा वाचलं. हा माणूस प्रत्येक सिनेमावर अर्धा तास बोलायचा. आता तो ओळीखाली बोट धरून वाचत होता. यंत्रांच्या बाजूला रोलर थांबला, चालू झाला, पुन्हा थांबला. भाची कोणावर तरी खेकसली.

"चूक नाही," सर शेवटी म्हणाले.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग पेन द्या तुमचं," पडदेवाली म्हणाली आणि हात एप्रनला पुसले. "सही राहिलीय."